एकाच चौकोनाचा रंग दोघांनी एकदम बदलला तर काय? फिग्माच्या सिंकची आतली गोष्ट

टू-वे सिंकचा, म्हणजे युजरच्या स्क्रीनवरचा आणि सर्व्हरवरचा डेटा दोन्ही दिशांनी सारखा ठेवण्याचा विषय निघाला की चर्चा लगेच वेबसॉकेट घ्यायचं की एसएसई (दोन्ही सर्व्हरकडून ब्राउजरला ताजे बदल पोचवायचे मार्ग), फायरबेस ही गूगलची तयार सेवा लावायची की स्वतःचं लिहायचं इकडे वळते आणि मला हे कायम उलट्या टोकाने सुरू केल्यासारखं वाटतं. फ्रंटएंड (ब्राउजरमधला भाग) आणि बॅकएंड (सर्व्हरकडचा भाग) यांच्यामध्ये सतत उघडी राहणारी लाइन टाकणं हे आता अवघड राहिलेलं नाही, वेबसॉकेटचा प्रोटोकॉल 2011 च्या डिसेंबरमध्येच आरएफसी 6455 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात पक्का झाला आणि सगळे ब्राउजर तो बोलतात. अवघड आहे ते पुढचं. दोन जणांनी एकाच क्षणी एकच गोष्ट बदलली तर कुणाचं ठेवायचं, आणि ज्याचं गेलं त्याला स्क्रीनवर काय दिसणार? हे ज्यांनी आधी ठरवलं आणि मग कोड लिहिला त्यांचं एक प्रकरण मला फार आवडतं, ते म्हणजे फिग्मा हे डिझाइनचं टूल. त्यांचा सहसंस्थापक इव्हान वॉलेस याने 2019 मध्ये सगळी रचना जाहीरपणे लिहून ठेवली, त्यामुळे आतलं बरंच काही आपल्याला बाहेर बसून कळतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. डिलन फील्ड आणि इव्हान वॉलेस हे दोघं अमेरिकेतल्या ब्राऊन युनिव्हर्सिटीतले, कंपनी 2012 ची, आणि कल्पना अशी की डिझाइनचं पूर्ण टूल ब्राउजरमध्ये चालवायचं. त्या काळात डिझाइन फाइल म्हणजे कुणाच्या तरी लॅपटॉपवरची फाइल, ती मेलने किंवा ड्रॉपबॉक्सने फिरणार, आणि नवीन कोणती जुनी कोणती हे विचारत बसायचं. पण टूल वेबवर आलं की नवीनच पेच होतो, एकाच लिंकवर दोघं आले आणि दोघांनी सेव्ह केलं तर शेवटचा सेव्ह पहिल्याचं सगळं पुसणार. मग एकतर फाइलला कुलूप लावा, एक जण काम करतोय तोवर बाकीच्यांनी थांबायचं, नाहीतर खरोखर सगळ्यांना एकत्र काम करू द्या. त्यांनी दुसरं निवडलं आणि 2016 च्या सप्टेंबरमध्ये फिग्मा सगळ्यांसाठी खुलं झालं तेव्हा मल्टिप्लेयर, म्हणजे एकाच फाइलवर अनेकांनी एकदम काम करणं, त्यात होतंच.

वॉलेसने 2019 मध्ये सांगितलेली रचना ऐकायला साधी आहे. फाइल उघडली की ब्राउजर सर्व्हरकडून त्या फाइलची पूर्ण प्रत उतरवून घेतो, मग वेबसॉकेट उघडा राहतो आणि त्यावरून बदल दोन्ही दिशांनी जात-येत राहतात. सर्व्हरवर प्रत्येक डॉक्युमेंटसाठी वेगळी प्रोसेस (स्वतंत्र चालणारा प्रोग्राम), आणि त्या फाइलवर काम करणारे सगळे तिथेच जोडलेले. नेट गेलं तरी काम चालू राहतं, आणि नेट परत आलं की क्लायंट, म्हणजे युजरच्या ब्राउजरमधलं फिग्मा, काय करतो तर डॉक्युमेंटची ताजी प्रत पुन्हा पूर्ण उतरवतो, त्यावर आपले ऑफलाइन केलेले बदल परत लावतो आणि नव्या सॉकेटवर पुढे चालू. मधल्या वेळात काय काय चुकलं त्याचा हिशोब जुळवत बसायचं नाही, ताजं आणा आणि आपलं वर ठेवा. रीकनेक्टच्या कोडमध्ये सगळ्यात जास्त बग लपतात हे ज्यांनी लिहिलंय त्यांना माहितीये, आणि इथे तो कोड जवळजवळ पहिल्यांदा फाइल उघडण्याच्या कोडइतकाच राहतो, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

आता मूळ प्रश्न, टक्कर झाली तर काय. त्या वेळी माहितीतला मार्ग म्हणजे ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन, थोडक्यात ओटी, 1989 पासूनची कल्पना, गूगल डॉक्स याच्यावरच चालतं. लांब मजकुरासाठी ते चांगलंच आहे. पण ओटीमध्ये प्रत्येक प्रकारचा बदल दुसऱ्या प्रत्येक प्रकारच्या बदलासमोर आला तर काय करायचं हे लिहावं लागतं, आणि डिझाइन टूलमध्ये बदलांचे प्रकार इतके की त्या जोड्यांचा विचार करतानाच माणूस थकेल. दुसरा मार्ग सीआरडीटी, म्हणजे डेटाची रचनाच अशी करायची की बदल कुठल्याही क्रमाने आले तरी शेवटी सगळीकडे एकच उत्तर निघेल. सीआरडीटी मात्र मुळात मध्यवर्ती सर्व्हर नाही असं धरून बनवलेल्या, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीसोबत जास्तीची माहिती वागवत बसावी लागते, आणि फिग्माकडे तर सर्व्हर होताच. म्हणून त्यांनी सीआरडीटीमधला विचार घेतला, जड सामान टाकून दिलं, आणि क्रम कुठला हे शेवटी सर्व्हर ठरवणार असं केलं. कुणाचा बदल आधीचा हे ठरवायला टाइमस्टॅम्प लागत नाही, सर्व्हरला जो आधी मिळाला तो आधीचा. कुणाच्या लॅपटॉपचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल तर असू द्या, काही फरक पडत नाही.

आणि डेटाचा आकार बघा किती सोपा ठेवलाय. डॉक्युमेंट म्हणजे ऑब्जेक्टचं एक झाड, प्रत्येक ऑब्जेक्टला एक आयडी आणि त्याच्याखाली प्रॉपर्टी आणि तिची व्हॅल्यू. बस, दोन पातळ्यांचा मॅप. एकाने चौकोनाचा रंग बदलला आणि दुसऱ्याने त्याच चौकोनाची रुंदी बदलली तर टक्कर नाहीच, दोन्ही राहतात. दोघांनी वेगवेगळ्या चौकोनांचा रंग बदलला, तरीही नाही. त्याच ऑब्जेक्टची तीच प्रॉपर्टी दोघांनी बदलली तरच टक्कर, आणि तेव्हा सर्व्हरकडे जो शेवटी पोचला तो राहिला. म्हणजे निम्म्याहून जास्त भांडण तर डेटाचे तुकडे कुठे पाडायचे या एका निर्णयानेच मिटलं. हेच जर त्यांनी पूर्ण ऑब्जेक्टचा जेसन (डेटा पाठवायचा मजकूर-फॉरमॅट) एका झटक्यात पाठवला असता, जे आपण रोजच्या एपीआयमध्ये (सर्व्हरशी बोलायच्या ठरलेल्या वाटेत) सर्रास करतो, टेबलमधली पूर्ण रो उचलून जुनीच्या जागी ठेवतो, तर रंग बदलणाऱ्याने रुंदी बदलणाऱ्याचं काम पुसलं असतं आणि दोघांनाही कारण कळलं नसतं.

याची किंमत आहे, आणि ती त्यांनी उघडपणे मान्य केली. मजकूर ही पण एक प्रॉपर्टीच. समजा बटनावर 'पुढे' लिहिलंय, एकाने ते 'पुढे जा' केलं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने 'इथून पुढे' केलं, तर शेवटी या दोनपैकी एक काहीतरी राहील, 'इथून पुढे जा' कधीच होणार नाही. डिझाइन टूलमध्ये एकाच लेबलवर दोघं एकदम टाइप करतायत असं क्वचित होतं, म्हणून चालतं. पुढे 2025 मध्ये त्यांनी कॅनव्हासवर कोडचे लेयर आणले, तिथे कोड म्हणजे लांब मजकूर, तिथे हे चालणारच नव्हतं, मग त्यासाठी एग-वॉकर नावाचा अल्गोरिदम घेतला जो मजकुरातले बदल अक्षराच्या पातळीवर नीट जोडतो. जिथे गरज पडली तिथे आणि तेवढंच. 2016 लाच सगळ्यासाठी ते करत बसले असते तर मला नाही वाटत मल्टिप्लेयर वेळेत बाहेर आलं असतं.

आता माझा आवडता भाग, लुकलुक. क्लायंटने सर्व्हरची वाट बघत बसलं तर टूल संथ वाटतं, म्हणून बदल आधी आपल्या स्क्रीनवर लगेच दिसतो आणि मग सर्व्हरला जातो. मी लाल चौकोन निळा केला, माझ्याकडे लगेच निळा दिसतोय, पण सर्व्हरकडून पोच अजून आलेली नाही, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी केलेला हिरवा सर्व्हरकडून माझ्याकडे आला. आलेलं सगळं इमानदारीत लावलं तर माझ्याकडे निळा, मग हिरवा, मग माझाच बदल सर्व्हरने घेतला की परत निळा, असं लुकलुकणार. बघायला घाण दिसतं आणि युजरला वाटतं ॲप बिघडलंय. फिग्माचा नियम असा की ज्या प्रॉपर्टीवर माझा बदल अजून पोच न मिळालेला आहे, तिच्यासाठी सर्व्हरकडून आलेला बदल सोडून द्यायचा. पहिल्यांदा वाचलं की हे चुकीचं वाटतं, अहो सर्व्हर सांगतोय आणि तुम्ही ऐकत नाही? पण नीट विचार करा, माझी पोच यायच्या आधी हिरवा आला याचा अर्थच सर्व्हरने हिरवा आधी घेतला आणि माझा निळा अजून त्याच्या रांगेत मागे आहे, म्हणजे शेवटी निळाच राहणार. क्लायंट फक्त शेवटचं उत्तर थोडं आधी दाखवतोय. पोच मिळाल्यावर जर कुणाचा पिवळा आला, तर तो खरंच माझ्यानंतरचा आहे आणि तो लावायचाच. हे एवढं कळलं की ऑप्टिमिस्टिक अपडेटबद्दलचा, म्हणजे सर्व्हरच्या होकाराआधीच बदल दाखवण्याबद्दलचा निम्मा गोंधळ संपतो, आणि रिॲक्ट या फ्रंटएंडच्या लायब्ररीत कॅश (सर्व्हरच्या डेटाची जवळ ठेवलेली प्रत) हाताने सांभाळणाऱ्या कुणालाही हा नियम उद्या सकाळी वापरता येईल.

ऑब्जेक्ट तयार करणं आणि काढणं पटकन सांगतो. आयडी क्लायंटच बनवतो, सर्व्हरला विचारत नाही, फक्त प्रत्येक क्लायंटला जोडताना एक वेगळा नंबर मिळतो आणि तो आयडीमध्ये घातलेला असतो म्हणून ऑफलाइन असतानाही दोघांचे आयडी एक होत नाहीत. काढलेल्या ऑब्जेक्टचं सामान सर्व्हर ठेवत नाही, ज्याने काढलं त्याच्या अनडूच्या साठ्यात ते जातं आणि त्याने अनडू केलं तर तिथूनच परत येतं. त्यामुळे फाइल काढलेल्या गोष्टींच्या ओझ्याने वर्षानुवर्षं फुगत जात नाही.

झाडाची गोष्ट मात्र सावकाश बघण्यासारखी आहे. फ्रेममध्ये ग्रुप, ग्रुपमध्ये चौकोन, असं झाड, आणि ऑब्जेक्ट एका पालकाकडून दुसऱ्याकडे हलवणं हे डिझायनर दिवसभर करतात. इथून काढा आणि तिथे नव्याने घाला असं केलं तर आयडी बदलतो, आणि त्याच वेळी त्याचा रंग बदलणाऱ्याचं काम हवेत जातं. म्हणून माझा पालक कोण हे मुलाकडेच एक प्रॉपर्टी म्हणून ठेवलं, म्हणजे हलवणं हाही एक साधा प्रॉपर्टीचा बदल झाला आणि आयडी तसाच राहिला. पण मग असं होऊ शकतं की एकाने अ ला ब मध्ये टाकलं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने ब ला अ मध्ये टाकलं. दोन्ही बदल वेगळ्या ऑब्जेक्टवरचे, टक्कर नाहीच, आणि दोन्ही लागले तर अ ब च्या आत आणि ब अ च्या आत, झाडापासून तुटलेलं एक वर्तुळ. सर्व्हर इथे पहारा ठेवतो आणि वर्तुळ होईल असा बदल नाकारतो. पण क्लायंटचं काय, त्याने तर आपला बदल आधीच लावलाय आणि सर्व्हरचा नकार यायला अजून वेळ आहे, आणि तेवढ्यात दुसऱ्याचा बदल येऊन पोचला, म्हणजे थोड्या वेळापुरतं त्याच्याकडे वर्तुळ झालंच. तेव्हा फिग्मा त्या दोन्ही गोष्टी तेवढ्या क्षणापुरत्या झाडातून बाजूला काढतं, दिसेनाशा होतात, आणि सर्व्हरचं उत्तर आलं की जागेवर येतात. हे काही देखणं नाही आणि त्यांनीही तसा आव आणलेला नाही, पण असा प्रसंग फार क्वचित येतो आणि आपोआप सुटतो, मग त्यावर आणखी यंत्रणा कशाला चढवायची? इतक्या हुशार टीमने इथे थांबायचं ठरवलं याबद्दल मला खरंच आदर वाटतो.

एकाच पालकाखाली मुलांचा क्रम हा पुढचा पेच. ॲरे, म्हणजे 1, 2, 3 अशा नंबरांची यादी ठेवली तर एक गोष्ट मधे घातली की पुढच्या सगळ्यांचे नंबर सरकतात आणि प्रत्येक सरकणं म्हणजे नवीन टक्करीची शक्यता. त्यांनी प्रत्येक मुलाला 0 आणि 1 च्या मधला एक अपूर्णांक दिला, क्रम म्हणजे त्या आकड्यांचा चढता क्रम. 0.3 आणि 0.4 च्या मधे काही टाकायचंय? 0.35 द्या, बाकी कुणाला हात लावायचा नाही. साधा डबल (कम्प्युटरचा ठरावीक अचूकतेचा दशांश आकडा) वापरला तर एकाच फटीत सलग 50-एक वेळा अर्धं अर्धं केलं की अचूकता संपते, म्हणून तो आकडा स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ओळीसारखा ठेवतात, हवा तितका लांब होऊ शकतो, आणि जागा कमी लागावी म्हणून पाया 10 ऐवजी 95, म्हणजे दहा अंकांऐवजी 95 चिन्हं. दोघांनी एकाच फटीत एकदम टाकलं तर दोघांचा आकडा एकच येईल, तिथे सर्व्हर वेगळा आकडा देऊन सोडवतो. एक उणीव राहते, दोघांनी एकाच जागी पाच-पाच गोष्टी टाकल्या तर त्या एकमेकांत मिसळून बसू शकतात. मजकुरात असं झालं असतं तर वाक्याचा चुरा झाला असता, पण लेयरच्या यादीत ते खपून जातं. आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, पालक आणि हा आकडा या दोन प्रॉपर्टी न ठेवता एकच ठेवली, कारण नाहीतर पालक एकाने ठरवलेला आणि जागा दुसऱ्याने ठरवलेली अशी खिचडी झाली असती, नव्या घरात जुन्या घरातला नंबर काय कामाचा. तुमच्याकडे टू-डू लिस्ट असेल, कानबान बोर्ड असेल, ड्रॅग करून क्रम बदलायचा कुठलाही स्क्रीन असेल आणि टेबलमध्ये पोझिशन नावाचा इंटिजर (पूर्णांकाचा) कॉलम असेल तर हे एवढं तरी उचलाच, यासाठी मल्टिप्लेयर असायची पण गरज नाही.

अनडू कुणी आधी विचारात घेत नाही आणि शेवटी तोच छळतो. एकट्याचं टूल असेल तर अनडू म्हणजे मागच्या स्थितीला जा. पण मी चौकोन लालचा निळा केला, मग सहकाऱ्याने तो हिरवा केला, आता मी अनडू केलं आणि परत रीडू केलं तर? जुन्या पद्धतीने रीडू केल्यावर निळा येईल आणि सहकाऱ्याचा हिरवा कायमचा गेला, त्याने काही केलं नाही आणि मीही खरंतर काही बदलू इच्छित नव्हतो, मी फक्त मागे जाऊन काहीतरी कॉपी करून परत आलो. फिग्माने नियम एका ओळीत बांधला: भरपूर अनडू करा, काहीतरी कॉपी करा, रीडू करत परत आजवर या, डॉक्युमेंट जसंच्या तसं असलं पाहिजे. मग यातून कोड आपोआप ठरतो, अनडू करायच्या क्षणी तिथे जी व्हॅल्यू आहे, म्हणजे हिरवा, तीच रीडूमध्ये लिहून ठेवायची. आधी युजरला काय अपेक्षित आहे ते वाक्यात लिहा आणि मग कोड, हा क्रम इथे इतका स्वच्छ दिसतो की मी हे उदाहरण ज्युनियर मुलांना नेहमी सांगतो.

हे सगळं त्यांनी थेट मुख्य कोडमध्ये घुसून केलं नाही हे पण सांगायला हवं. आधी एक छोटं वेब पेज बनवलं, त्यात तीन खोटे क्लायंट आणि एक खोटा सर्व्हर, सगळ्यांची स्थिती समोर दिसतेय, लाइन तोडता येते, हळू करता येते. तिथे टक्करी घडवून बघितल्या, नियम बदलून बघितले आणि मनासारखं झाल्यावरच खऱ्या एडिटरमध्ये नेलं. माझ्या मते सिंकचं काम घेणाऱ्या प्रत्येक टीमने पहिल्या आठवड्यात हेच करावं, कारण खऱ्या ॲपमध्ये या टक्करी मुद्दाम घडवणं जवळजवळ अशक्य असतं आणि मग त्या थेट प्रॉडक्शनमध्ये भेटतात.

सर्व्हरचं पुढे काय झालं ते थोडक्यात. पहिला सर्व्हर टाइपस्क्रिप्ट या भाषेत, आणि तो एका वेळी एकच काम करणार, म्हणजे कुणाचं अवाढव्य डॉक्युमेंट एन्कोड व्हायला (साठवण्याच्या रूपात बदलायला) वेळ लागला की त्याच वर्करवरची, म्हणजे सर्व्हरच्या त्याच प्रोसेसवरची बाकी सगळी डॉक्युमेंटं तोवर अडकून बसली. तात्पुरता उपाय म्हणून मोठी डॉक्युमेंटं वेगळ्या मशीनवर हलवली, मग महत्त्वाचा भाग रस्ट या वेगवान भाषेत पुन्हा लिहिला आणि 2018 मध्ये त्याबद्दल लिहिलं. सगळंच्या सगळं नाही हां, नेटवर्कचं काम नोडकडेच (जुना सर्व्हर ज्यावर चालायचा त्याच्याकडेच) ठेवलं कारण रस्टमधलं असिंक, म्हणजे वाट बघताना दुसरी कामं करत राहण्याची सोय, तेव्हा कच्चं होतं, आणि प्रत्येक डॉक्युमेंटसाठी रस्टची एक वेगळी प्रोसेस जी नोडशी स्टँडर्ड इनपुट आणि आउटपुटवरून बोलायची. डॉक्युमेंट एन्कोड करायचा वेळ आधीच्या दहाव्या भागाहूनही कमी झाला.

आणि टिकाव. सगळं मेमरीत चालत असल्यामुळे वेग मिळतो पण प्रोसेस पडली तर? दर 30 ते 60 सेकंदांनी पूर्ण फाइलचा चेकपॉइंट (त्या क्षणाची जपून ठेवलेली प्रत) एसथ्री या ॲमेझॉनच्या साठवणीच्या सेवेवर लिहिला जायचा, म्हणजे वाईट वेळी तेवढ्या सेकंदांचं काम धोक्यात. मग त्यांनी जर्नल आणलं, येणारा प्रत्येक बदल क्रमांक देऊन डायनॅमोडीबी या ॲमेझॉनच्या डेटाबेसमध्ये थोड्या थोड्या गठ्ठ्यांनी लिहायचा, आणि प्रोसेस पडली की शेवटचा चेकपॉइंट उघडून त्यानंतरच्या क्रमांकांचे बदल त्यावर लावायचे. डेटाबेसवाले जे दशकानुदशकं करत आलेत तेच, आणि ते इथेही अगदी चपखल बसतं.

आता एक गोष्ट जी बरेच जण वाचताना सुटून जातात. हे सगळं फक्त डॉक्युमेंटच्या आतलं आहे. कमेंट, टीम, प्रोजेक्ट, फाइलची यादी, हे सगळं पोस्टग्रेस या नेहमीच्या टेबलवाल्या डेटाबेसमध्ये आणि त्याचं सिंक पूर्ण वेगळ्या यंत्रणेने, कारण त्या डेटाच्या गरजा वेगळ्या, तिथे परवानग्या आहेत, शोध आहे, हजारो फाइल्समधून काढलेल्या याद्या आहेत, आणि तिथे बदल आधी सर्व्हर तपासणार, मग लागणार. आपल्यातल्या बहुतेकांचं रोजचं काम हे या दुसऱ्या प्रकारचं असतं, ऑर्डर, तिकिटं, अपॉइंटमेंट, आणि तरी आपण पहिल्या प्रकारच्या लायब्ररी शोधत फिरतो.

तिथे आधी असं होतं की डेटाबेसमध्ये काही बदललं की इंजिनीयरने आठवणीने हाताने इव्हेंट पाठवायचा, कुणाला कळवायचं ते पण त्यानेच ठरवायचं, आणि कुणी विसरलं की कुणाच्या तरी स्क्रीनवर जुनंच दिसत राहणार. 2021 मध्ये त्यांनी लाइव्हग्राफ मांडलं. फ्रंटएंडने फक्त मला काय हवंय ती क्वेरी (डेटाची मागणी) सांगायची, ग्राफक्यूएल या क्वेरीच्या भाषेच्या धर्तीची, आणि लाइव्हग्राफ पोस्टग्रेसचा रेप्लिकेशनचा प्रवाह, म्हणजे झालेल्या प्रत्येक बदलाची सतत वाहणारी नोंद वाचून कुठली क्वेरी बदलली ते ओळखतं आणि नवीन उत्तर सॉकेटवर ढकलतं. लिहिणं नेहमीच्या एचटीटीपी एपीआयने, वाचणं लाइव्ह. इव्हेंट पाठवायचा राहिला हा अख्खा बगचा प्रकारच गेला कारण पाठवायचा कुणी नाहीच, डेटाबेसमध्ये लिहिलं गेलं की कळणारच. मग डेटाबेस वाढला, अनेक तुकड्यांत विभागला, एकच क्रमवार प्रवाह मिळतो हे गृहीतक तुटलं, आणि 2024 मध्ये त्यांनी नवी रचना सांगितली जिच्यात बदललेली रो कॅशमध्ये लावत बसायची नाही, कुठल्या क्वेरी शिळ्या झाल्या तेवढं ठरवायचं आणि त्या डेटाबेसला पुन्हा विचारायच्या.

तुमच्याकडे एकच पोस्टग्रेस असेल तर हा शेवटचा भाग करायला मोठी टीम लागत नाही. लॉजिकल रेप्लिकेशन चालू करा, तो प्रवाह वाचणारा एक छोटा सर्व्हर लिहा, अमुक टेबलमधली अमुक आयडीची रो बदलली एवढाच निरोप सॉकेटवर पाठवा आणि फ्रंटएंडला नेहमीच्या एपीआयने ते परत मागू द्या, म्हणजे परवानगीची तपासणी पण एकाच जागी राहते. फक्त रेप्लिकेशन स्लॉटवर (वाचणारा कुठवर पोचला याची पोस्टग्रेसने ठेवलेली खूण) लक्ष ठेवा, वाचणारा सर्व्हर बंद पडून राहिला तर पोस्टग्रेस त्याच्यासाठी लॉग साठवत बसतं आणि डिस्क भरते.